न झालेले सहा राजे

वणीच्या बसवर ‘वणी’ अशी ठसठशीत पाटी असली तरी स्वीडन सर आधी कंडक्टरला विचारायचे, मग ड्रायव्हरला, आणि दोघांची उत्तरं जुळली तरच पायरीवर पाय ठेवायचे. इतिहास शिकवणाऱ्याने पाटीवर विसंबू नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे नाव आमच्या शिक्षकखोलीने दिलेलं. देवळालीच्या एका रद्दीवाल्याकडे सरांना स्वीडनच्या राजांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं. पहिली पानं फाटलेली, लेखकाचा पत्ता नाही. त्यामुळे पुस्तकावरही त्यांचा भरवसा नव्हता. पण सोडवतही नव्हतं. सत्तरच्या दशकात नाशिकच्या आमच्या शाळेत त्या गादीची जेवढी उलटतपासणी झाली, तेवढी तिकडेही झाली नसेल.

चौदावा एरिक भावाच्या कैदेत मेला. वाटाण्याच्या सुपातून विष दिलं, असं म्हणतात. तेव्हापासून माझ्या डब्यात मटारची उसळ दिसली की सर चष्मा कपाळावर चढवून विचारत, “कुणी दिली रे? भावाने?”

“बायकोने.”

“मग वाढ थोडी. पण पहिला घास तू घे.”

त्यांचा खास राजा मात्र नववा चार्ल्स. या गृहस्थांच्या आधी स्वीडनला चार्ल्स नावाचे राजे झाले दोनच. बाकीचे सहा एका बिशपाने देशाचं वय वाढवण्यासाठी रचले होते आणि याने ते मोजून स्वतःला नववा म्हणवून घेतलं. “सहा जण! ना जन्मले, ना मेले, तरी राज्य करून गेले,” सर म्हणत. “राजाला दोष देऊ नका. त्याला हौस असतेच. लिहून देणारा कोण होता, ते बघा.”

ऐंशीनंतर शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. संस्थेच्या अध्यक्षांना स्मरणिकेत आपल्या घराण्याचा इतिहास हवा होता. सात पिढ्यांचा, जमल्यास तलवारीसह. काम सरांकडे आलं. त्याच उन्हाळ्यात मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेने ती खुर्ची सरांची होती. सर गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर गेले, अध्यक्षांच्या तीर्थोपाध्यायांकडची वंशावळीची वही पाहिली. तीत तीन पिढ्या निघाल्या. पणजोबा इगतपुरीच्या घाटात बैलगाडी हाकत. सरांनी तेवढंच लिहिलं, आणि मोठ्या आदराने लिहिलं.

अध्यक्षांनी कागद वाचला तेव्हा मी समोर होतो.

“तीनच? बाकीचे चार कुठं गेले, सर?”

“वहीत नाहीत, साहेब.”

“वहीत नाहीत म्हणून जन्मलेच नाहीत का?”

“जन्मले असणारच. माझ्या आजोबांचं नाव तर गंगेवरच्या एकाही वहीत नाही. आम्हाला कोण लिहून घेणार होतं? तरी ते होते. पण म्हणून मी त्यांना सरदार केलं नाही.”

अध्यक्ष हसले. मोठ्या माणसांचं असं हसणं ऐकणाऱ्याला महागात पडतं.

स्मरणिका निघाली तेव्हा तीत चार नवे पूर्वज होते. त्यांतल्या एकाच्या छातीवर तर सतरा जखमा होत्या. ते चौघे मी लिहिले होते. जूनमध्ये मुख्याध्यापकही मीच झालो.

सर रागावले नाहीत. पहिल्या दिवशी हजेरीपत्रकावर सही करायला आले आणि म्हणाले, “आपलं पेन द्याल का, साहेब?” बारा वर्षं मला ‘अरे’ म्हणणारा माणूस होता तो. पुढची पाच वर्षं ‘आपण’ सुटलं नाही आणि माझ्या डब्यातही त्यांनी कधी डोकावून पाहिलं नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा मानपत्र मीच लिहिलं. तीन संध्याकाळी बसून. एकही विशेषण उगाच पडू दिलं नाही. समारंभ आटोपल्यावर सर माझ्या खोलीत आले, उभ्या उभ्याच ते पुन्हा एकदा सावकाश वाचलं.

“फार सुंदर,” ते म्हणाले. “आपण लिहिलेला माणूस अगदी खरा वाटतो.”

मग घडी घालून त्यांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, नमस्कार केला आणि गेले. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.