फोटोंच्या पाठीवरची नावं

दत्ताकाका गेल्याचा फोन काकूंनीच केला. आम्हा चौघी मुलींच्या अपार्टमेंटमध्ये एकच फोन, स्वयंपाकघरात भिंतीला लावलेला. काकू म्हणाल्या, "गेले गं..." आणि थोड्या वेळाने, "तू नावं उतरवून घेतलीस, बरं झालं. शेवटपर्यंत तेच सांगत होते."

त्याला आता सहा आठवडे झाले.

काका नैरोबीच्या शाळेत गणित शिकवायचे. सुट्टी लागली की कॅमेरा घेऊन मसाई नाहीतर तुर्काना लोकांच्या वस्त्यांवर राहायला जायचे. गुरं पाण्यावर नेणारी माणसं, मणी ओवणाऱ्या मुली, दूध साठवायचा पोकळ भोपळा जळत्या काटकीने आतून शेकणारी बाई... सगळं त्यांनी टिपलं. सत्तरच्या दशकात ते आणि काकू इथे पेनसिल्व्हेनियात आले आणि बेसमेंटमध्ये डार्करूम झाली. मी स्टेट कॉलेजला शिकायला आलेली, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. वर्गात तोंड उघडायची भीती वाटायची. शनिवारी काकांकडे प्रिंट धुवायला जायचे, तेवढाच आधार.

पहिल्याच दिवशी मी एका प्रिंटच्या मागे 'मसाई बाई' असं लिहिलं. काका हसले. "अगं, तुझा फोटो काढून मागे 'नागपूरची मुलगी' लिहिलं तर चालेल का तुला?" मग मऊ पेन्सिलीने स्वतः लिहिलं, नासेरियान. शेजारी तिच्या आईचं नाव, वस्तीचं नाव. प्रत्येक प्रिंटच्या पाठीवर असंच. निगेटिव्हवर नुसते आकडे. मला माझी आजी आठवली. तिचा एकही फोटो नाही. पणजीचं तर नावही घरात कुणाला सांगता येत नाही...

काका हॉस्पिटलमध्ये असताना लायब्ररीने प्रदर्शनाला जागा दिली. त्यांना खूश करावं म्हणून मी गरम प्रेसखाली सगळे प्रिंट जाड पुठ्ठ्यांवर चिकटवले. कायमचे. पाठीवरची नावं आठवली ती शेवटचा प्रिंट दाबून झाल्यावर.

"काका, सगळे माउंट केले. एकदम फ्लॅट बसलेत."

हॉस्पिटलच्या खाटेवरून काकांनी विचारलं, "नावं उतरवून घेतलीस ना?"

"हो."

"शाबास. मी आता निम्मी विसरलोय बघ."

मी खरं बोलले असते, तर ती उरलेली निम्मी तरी मिळाली असती. चार दिवसांनी काका गेले.

नंतर एक प्रिंट सोलून पाहिला. नासेरियानचा, कारण तेवढं एकच नाव मला पाठ होतं. कागदाचे नुसते पापुद्रे निघाले. अक्षर एकही दिसलं नाही, आणि तिचा चेहरा मधोमध फाटला.

काकू, हे तुम्ही वाचाल. तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही. मी नावं उतरवली नव्हती.

डार्करूमच्या टेबलाला काकांनी दोऱ्याने बांधलेली पेन्सिल अजून तिथेच आहे, हॉस्पिटलला जाण्याआधी टोक करून ठेवलेली. दर शनिवारी मी प्रदर्शनात फोटोंखाली लावायची नावांची कार्डं घेऊन तिच्यापाशी बसते. काकू वरून विचारतात, "झाली का गं कार्डं लिहून?" पहिल्या कार्डावर नासेरियान लिहिलंय. दुसरं समोर घेऊन बसते...