केळीच्या धाग्याचा टेकू

१३ मे, बुधवार. सकाळी दहा वाजता मी कारखान्याच्या गच्चीवर केळीचा धागा उलटत होते. घड उतरला की केळीच्या खोडाचा शेतकऱ्याला उपयोग उरत नाही. ते खोड चिरून, खरवडून त्यातून पांढरट तंतू काढतात, तोच हा धागा. आम्ही तो धुऊन, नखाएवढे तुकडे करून गच्चीवर पसरला होता. सिमेंट इतकं तापलं होतं की चपलेचा तळ चिकटत होता. माझ्याबरोबर अक्का होत्या. वर्षभर आमच्याकडे धागा काढणाऱ्या आणि उन्हाळ्यात कुरडया-पापडांच्या ऑर्डरीही घेणाऱ्या. त्यांनी मूठभर धागा उचलला, कानाजवळ नेला आणि चुरगळला.

"आजून वाजस नही," त्या म्हणाल्या. "पापड कसा वाजतो? तसा वाजाले पाहिजे."

आर्द्रता मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं. ते आणि अक्कांचा कान यांच्यात सहसा फरक पडायचा नाही, म्हणून मी गेलं वर्षभर यंत्र कपाटातच ठेवलं होतं. धागा पुन्हा उलटला.

घाई होती. आमचा कारखाना जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि तिथल्या इतर अनेकांसारखा प्लास्टिकच्या चटया काढतो. चटईच्या मशिनांच्या मागे, भिंतीला लागून, पाइप काढायचं एक जुनं मशीन होतं. शेठना ते नको होतं. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथे कापडाचं दुकान टाकलं, वडिलांनी चटया सुरू केल्या, आणि शेठना त्या जागेत चटईचं नवं मशीन बसवायचं होतं. भंगारवाला शनिवारी सकाळी नऊला येणार होता. त्याआधी मला दाखवून द्यायचं होतं की या मशीनमधून बांबूला पर्याय ठरेल असा केळीचा टेकू निघतो. नाही निघाला तर मशीन जाणार, आणि मशीनबरोबर माझं तीन वर्षांचं कामही जाणार, कारण हे करून बघायला दुसरं मशीन माझ्याकडे नव्हतं.

टेकू म्हणजे काय ते फैजपूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. घड भरला की झाड एका बाजूला कलतं, आणि मे-जूनमधल्या वादळात आडवं होतं. म्हणून खालून बांबूचा आधार देतात. बांबूला वाळवी लागते, तो कुजतो, दर दोन-तीन वर्षांनी नवा आणावा लागतो. चटयांची कतरण आमच्याकडे ढिगाने पडलेली असते. ती वितळवून पोकळ काठ्या काढाव्यात, ही कल्पना मला सुचली त्यात विशेष काही नव्हतं. कुणालाही सुचली असती. पहिल्या वर्षी मी तशा काठ्या काढल्या आणि नानांच्या बागेत लावल्या. नाना फैजपूरचे केळीवाले, शेठचे जुने स्नेही. दुपारी दोन वाजता काठ्या वाकायला लागल्या आणि चार वाजेपर्यंत सगळ्या नमस्कार घालून उभ्या.

"मॅडम," शेठ म्हणाले होते, "तुम्ही कुरडया करा. त्या तरी खपतील."

हे प्लास्टिक उन्हात भाराखाली हळूहळू सरकतं. त्याला आतून हाडं हवीत. केळीचा धागा मजबूत असतो, तो आत घालावा असं मी ठरवलं. जगात अशा मिश्रणांवर पुष्कळ काम झालेलं आहे, मी काही पहिली नव्हे. पण पुस्तकातला धागा कोरडा आणि शुद्ध असतो, प्लास्टिक कोरं असतं. माझ्याकडे पायाखाली तुडवून झालेल्या चटया आणि शेतातलं खोड होतं. धाग्याला पाणी आवडतं, प्लास्टिकला तेल. दोघं एकमेकांना धरत नाहीत. काठी मोडली की धागे आतून अलगद, स्वच्छ निघून यायचे, जसे काही कधी आत नव्हतेच.

त्यावर एक रसायन मिळतं. त्याचं एक टोक प्लास्टिकला धरतं, दुसरं धाग्याला. पण धाग्यावरचा डिंकासारखा थर निघाल्याशिवाय त्याला धरायला जागा सापडत नाही. थर काढायला मी कॉस्टिक सोडा वापरला. थर निघाला, आणि अक्कांच्या बोटांची सालंही निघाली. हातमोजे दिले होते, पण ते घालून धागा सुटा होत नाही म्हणून त्यांनी ते काढून ठेवले होते. मी ते काम त्याच दिवशी बंद केलं.

पुढच्या आठवड्यात अक्का म्हणाल्या, "पापडखार टाकीसन पाहा ना. तो बी तर खारच शे."

मी हसले नाही. पापडखार हा सौम्य अल्कली असतो, थर काढायचं काम तो करेल, फक्त वेळ जास्त घेईल. कॉस्टिकला दोन तास लागायचे, पापडखाराला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांची सवय लावून घेतली. किती खार, किती पाणी, किती वेळा धुवायचं, हे ठरायला आठ महिने गेले.

काठीचे तुकडे घेऊन मी धुळ्याला जायचे. या कारखान्यात येण्याआधी अकरा वर्षं मी तिथल्या देवपूर भागातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत होते, दर वर्षी नव्या करारावर. ओळखीने तिथल्याच दुसऱ्या कॉलेजातलं ओढून तोडायचं यंत्र वापरायला मिळायचं. पिशवीत काठ्यांचे तुकडे घेऊन एसटीत बसलं की कंडक्टर विचारायचा, "ताई, बासऱ्या विकता का?" फेब्रुवारीत एक तुकडा असा तुटला की धागे बाहेर आलेच नाहीत, ते प्लास्टिकबरोबर तुटले. त्यांनी एकमेकांना धरलं होतं. मी यंत्र चालवणाऱ्याला आणखी दहा तुकडे तोडायला लावले. दहाही तसेच तुटले. परतीच्या गाडीत मी पाव किलो पेढे एकटीने खाल्ले.

पण ते छोटे तुकडे होते. अख्खी काठी, धाग्याच्या पूर्ण प्रमाणासह, अजून काढलेली नव्हती. ती गुरुवारी काढायची होती. शुक्रवारी ती नानांच्या बागेत भर उन्हात उभी करायची. नानांनी हो म्हटलं तर मशीन राहील, असं शेठनी मला सर्वांसमोर सांगितलं होतं, आणि शेठ दिला शब्द फिरवत नाहीत.

संध्याकाळी चार वाजता धागा वाजला. आम्ही तो तीन गोण्यांत भरून तोंडं घट्ट बांधली.

गुरुवारी सकाळी मशीन तापवायला ठेवलं. मशीन चालवायला आबा होते. साक्रीकडचे, साठीचे, याच मशीनवर पंचवीस वर्षं काढलेले. "ताई, आज हाई मशीननं जीवनमरण शे," ते म्हणाले.

"मग पूजाबिजा काय करायची ती नीट करा," मी म्हणाले. "आज चुकायला नको." आणि गेटवर शेठ आणि नाना आले होते त्यांना आणायला गेले. हे वाक्य मीच बोलले होते, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही आलो तेव्हा मशीनला हार, हळदकुंकू, उदबत्ती सगळं झालं होतं. आम्हीही हात जोडले. आबांनी मशीन सुरू केलं. काठी बाहेर आली, पाण्याच्या टाकीतून गेली, कापली गेली. ती अंगावर फोड आल्यासारखी दिसत होती. नानांनी ती गुडघ्यावर धरून दाबली. कट्‌कन दोन तुकडे झाले. आतून अनारशासारखी जाळी पडलेली.

"वा," शेठ म्हणाले. "पहिल्या वर्षी वाकली तरी होती."

मी आधी तापमान कमी केलं. तेच. वेग कमी केला. तेच. शेठ घड्याळ बघत होते, नाना चहा पीत होते. जाळी पडते ती वाफेने, आणि वाफ होते पाण्याने. पण धागा तर काल वाजला होता. मी उघड्या गोणीत हात घातला. वरचा थर ओला आणि चिकट होता. बोट चाटून पाहिलं. गोड.

"आबा, नारळ कुठे फोडला?"

"कुठे म्हंजे? मशीनवर," आबा म्हणाले. "तोंडावरच. नेहमी पायाशी फोडतस, पण आज मोठं काम व्हतं. आन् मालाले बी तीर्थ शिंपाडं."

"सगळ्या गोण्यांत?"

"बठ्ठ्यासमा नही. दोनमा. तिसरीनी गाठ सुटनी नही."

अक्का मागे उभ्या होत्या. "गाठ मी मारेल व्हती," त्या शांतपणे म्हणाल्या.

नाना इतके हसले की चहा बशीत सांडला. आबांचा चेहरा पडला होता. ज्याला पाण्याचा थेंब चालत नाही त्याला आम्ही सर्वांनी मिळून आशीर्वाद म्हणून पाणी पाजलं होतं, आणि वर मी हात जोडले होते.

"शेठ, एक तास द्या."

"मॅडम, नानांना जेवायला जायचंय."

"मी थांबतो," नाना म्हणाले. "आता तर बघूनच जाईन. पुढचा नारळ कुठे फोडता तेही बघायचंय."

आबांनी मशीनच्या तोंडातला सगळा माल काढला, आतून पुसलं, नुसती कतरण टाकून अर्धा तास चालवलं. काठी सपाट आणि चकचकीत यायला लागली, म्हणजे आतलं पाणी गेलं. मग तिसरी गोणी उघडली. अक्कांनी मूठ कानाशी नेली. मशीनच्या आवाजात त्यांना काय ऐकू आलं ते माहीत नाही, पण त्यांनी मान हलवली.

काठी आली. चहाच्या रंगाची, सरळ, अंगावर धाग्याच्या बारीक रेघा. भाजल्या गुळाचा हलका वास. नानांनी ती गुडघ्यावर धरली, दाबली, मग पाय बदलून दाबली. मग काठी खाली ठेवून गुडघा चोळला.

"उद्या बागेत," ते म्हणाले.

शुक्रवारी बारा वाजता बागेत तीन टेकू लावले. एक बांबू, एक पहिल्या वर्षीची नुसत्या प्लास्टिकची काठी, एक आमची. प्रत्येकावर भरलेल्या घडाचा भार, आणि शिवाय घडाला रेतीची एक-एक गोणी बांधलेली, कारण नानांचा स्वभाव तसा आहे. मी प्रत्येक काठीच्या शेंड्याला ओळंबा सोडला, गवंडी भिंत बघायला लावतो तसा दोरीला बांधलेला लोखंडी लंबक. दोरी काठीपासून किती सुटते ते पट्टीने मोजायचं.

एक वाजता प्लास्टिकची काठी बोटभर सुटली. दोनला वीतभर. पावणेतीनला तिने नमस्कार घातला आणि गोणी फुटून रेती सांडली. बांबू जागचा हलला नाही. आमची काठीही हलली नाही. मी दर पंधरा मिनिटांनी पट्टी लावत होते आणि दर पंधरा मिनिटांनी शेठ विचारत होते, "किती?"

"आहे तेवढंच."

चार वाजता शेठनी विचारणं बंद केलं आणि स्वतःच पट्टी हातात घेतली. डोळे बारीक करून बघितलं. "हिल्याच नाही है," ते स्वतःशीच म्हणाले.

नाना उठले. नाना अंगाने भरदार आहेत. त्यांनी चपला काढल्या, काठीच्या शेंड्याला बसवलेल्या बेचक्यात दोन्ही हात घातले आणि पाय उचलून लोंबकळले. घड, रेती आणि नाना. त्यांचा मुनीम ओरडला, "नाना, कंबर सांभाळा!"

दोरी नखाएवढी सुटली. नाना खाली उतरले, दोरी परत जागेवर आली. मी पट्टी लावली आणि ओरडले. एरवी मी ओरडत नाही. अक्का केळीच्या सावलीतून पळत आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली. आबा दुरूनच टाळ्या वाजवत होते. कालपासून ते ओल्या कुठल्याच वस्तूजवळ जात नव्हते.

"ताई," नाना धापा टाकत म्हणाले, "आधी एका शेतापुरत्या द्या. बांबूवाल्याला मी सांगतो, या वर्षी येऊ नको."

शेठनी तिथेच बांधावर उभं राहून भंगारवाल्याला फोन लावला. "भाई, कल मत आना. मशीन बेचना नहीं है." फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे वळले. "मॅडम, पेटंटचा अर्ज करायचा म्हणत होता ना? करा. शोध लावणाऱ्यांच्या रकान्यात कोणाची नावं?"

"माझं आणि अक्कांचं."

"अक्कांचं?"

"पापडखार त्यांचा आहे."

शेठनी अक्कांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे."

"आन् नारयनं?" आबांनी नारळाच्या वतीने विचारलं. परतीच्या गाडीत आम्ही फैजपूर ते जळगाव त्यावरच हसत होतो, आबा सगळ्यांत जास्त.

शनिवारी मी सकाळी सात वाजता कारखान्यात पोचले. रस्त्याच्या कडेला एक चांगला सपाट दगड पडला होता, तो आबांच्या मदतीने उचलून गेटच्या बाहेर, मशीनपासून शंभर पावलांवर बसवला. "यापुढे नारळ इथे," मी म्हणाले. आबांनी तिथे एक फोडला, खोबरं सर्वांना वाटलं, हात पंचाला कोरडे पुसले, मला दोन्ही बाजूंनी दाखवले आणि मशीन तापवायला ठेवलं. मी अक्कांबरोबर ओल्या झालेल्या दोन गोण्या घेऊन गच्चीवर गेले, कारण तो धागा अजून वाजत नव्हता.