आधी देव, मग म्हशी, मग कोंडाबाई

निपाणीच्या खालच्या अंगाला, वेदगंगेच्या काठावर पानमळवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावाला पुराची चांगली सवय होती. पूर आला की काय करायचं, हे तिथं कुणी कुणाला शिकवत नसे. आधी भैरोबाची पालखी माळावरच्या शाळेत जायची. मग म्हशी. मग तंबाखूनं ठासून भरलेली बोदं. मग पोरंबाळं, म्हातारीकोतारी, कोंबड्या. आणि सगळ्यात शेवटी, कुणाच्या ध्यानात राहिलंच तर, कोंडाबाई. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. देव कोपतो, म्हैस दावं तोडते, तंबाखू भिजली की तिचं मातेरं होतं. कोंडाबाई यातलं काहीच करत नव्हती. "ती कुठं जात्या पळून?" असं गाव म्हणायचं आणि ते अगदी खरं होतं.

लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. आईबाप गेल्यावर ती धाकट्या भावाकडं, भरमाकडं राहिली. खालच्या गल्लीत, नदीकडच्या शेवटच्या घरात उंबऱ्याजवळ सूप मांडीवर घेऊन बसायची आणि विड्या वळायची. हातांवर अंग रेटत घरभर फिरून तिचे दंड असे झाले होते, की भरमाची बायको शेवंता लोणच्याच्या बरणीचं झाकण तिच्याकडूनच उघडून घ्यायची. तोंडानंही कोंडाबाई कुणाला हार जात नसे. पण पूर तोंडाला भीत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

एक्याऐंशी साल उजाडलं आणि सरकारला कळलं, की जगात अपंग माणसं आहेत. ते अपंगांचं वर्ष होतं. उन्हाळ्यात तालुक्याहून एक साहेब जीपमधून आले आणि पूर आला तर अपंगांना कसं वाचवायचं याची तालीम शाळेत ठेवली. शाळा माळावर. कोंडाबाई खाली. तिला वर न्यायला कुणी मोकळा नव्हता, कारण सगळे तालमीत होते. मग गावच्या सोसायटीचे चेअरमन मारुतीराव यांचा धडधाकट पुतण्या अपंग झाला. त्याला बाजेवर घालून चौघांनी पटांगणाला वळसा दिला, साहेबांनी फोटो काढला, पुतण्याला हार घातला. टाळ्यांचा आवाज खालच्या गल्लीपर्यंत आला.

"कोन वाचलं गं शेवंता?" कोंडाबाईनं विचारलं.

"चेअरमनचा पुतन्या, आक्का."

"बरं झालं. त्याच्या जिवाला लई घोर हुता."

जाताना साहेबांनी गावातल्या अपंगासाठी म्हणून हातानं चालवायची तीनचाकी सायकल दिली. ती मारुतीरावांनी स्वीकारली. कोंडाबाईला तीवर एकदा बसवलं, पण गल्लीतल्या पहिल्याच दगडगोट्यात चाक रुतलं. शिवाय पावसात सायकल गंजली असती. म्हणून ती चावडीत ठेवून कुलूप लावलं. चांगल्या वस्तूची अशीच निगा राखायची असते.

त्याच श्रावणात पूर आला आणि तालमीचा उपयोग झाला. म्हणजे सायकलीला झाला. सरकारी माल वाहून गेला तर जाब कोण देणार, म्हणून मारुतीरावांनी ती चौघांच्या खांद्यावरून माळावर धाडली. भरमा पालखीला गेला. पुढच्या दांडीचा मान त्यांच्या घराण्याचा. ढोल वाजला की भरमाचे पाय आपोआप तिकडं वळत, घरात आग लागली असती तरी वळले असते. शेवंता पोरं घेऊन निघाली. तिला वाटलं, आक्काला हे आणतील. भरमाला वाटलं, शेवंतानं नेलं असेल. मध्ये एकदा शेजारचा भावकू पाण्यातून धडपडत आला, तेव्हा कोंडाबाईचा जीव भांड्यात पडला. भावकूनं शेळी सोडली, "आलोच आक्का," म्हणाला आणि शेळी घेऊन गेला.

पाणी बाजेला लागलं. कोंडाबाईनं खुंटी धरली, खुंटीवरून फळी, फळीवरून तुळई. दंडांच्या जोरावर ती वर चढली आणि तुळईला मिठी मारून राहिली. खाली तिचं सूप तरंगत होतं, विड्यांची पानं गोल गोल फिरत होती. ती भ्याली होती. गावानं टाकलं याचं तिला फारसं काही वाटलं नाही, गाव म्हणजे काय, चार शहाणे आणि बाकी ढोल. पण सख्ख्या भावानं खांदा दिला तो देवाला, हे तिच्या काळजाला लागलं.

दुसऱ्या दिवशी गुळाची काहील पाण्यावर लोटून भरमा आला. रडत होता. तिला काहिलीत उतरवताना म्हणाला, "मला वाटलं शेवंतानं न्हेलं."

"आनि शेवंताला वाटलं तू. मला मातर कायच वाटलं न्हाय बघ."

माळावर गेल्यावर सगळं गाव म्हणालं, भैरोबानं वाचवलं. कोंडाबाईचे तळहात सोलून निघाले होते, ते तिनं पदरात झाकले. भैरोबा त्या वेळी शाळेत कोरड्यात बसला होता, हे सांगून उपयोग नव्हता. पण एक गोष्ट तिनं मनात बांधून ठेवली. वाचवल्याचं श्रेय दरवेळी देवालाच जाणार असेल, तर एकदा कामही देवानंच करावं.

पाणी ओसरल्यावर तिनं भरमाकडून तुळईला गाठी मारलेला जाड दोर बांधून घेतला. वर फळीवर डब्यात भाजलेलं पीठ, गूळ आणि काड्याची पेटी ठेवली. मग मारुतीरावांना निरोप धाडला, की पाणी पाराला लागलं की मला न्यायला अमुक दोन माणसं येतील एवढं आधी ठरवून टाका. मारुतीराव म्हणाले, असं एकेकाचं ठरवायला लागलो तर गाव चालवायचं कसं, अर्ज कर. भरमानं मात्र शपथ घेतली. "पुढच्या येळंला आधी तू, आक्का. भैरोबाची आन." आण कुणाची घेतली, ते कोंडाबाईच्या बरोबर ध्यानात आलं.

भैरोबाचं देऊळ नदीला लागून. पावसाळ्यात गाभाऱ्यात ओल धरे म्हणून देवाचा चांदीचा मुखवटा चार महिने मानकऱ्यांच्या घरी असे. दरसाल एका घराची पाळी. पूर आला की पालखी त्या घरी जायची, मुखवटा घ्यायची आणि माळावर निघायची. दोन वर्षांनी पाळी भरमाच्या घरी आली. कोंडाबाईनं तो मुखवटा चिंच आणि राखेनं घासून लखलखीत केला. घासता घासता ती त्याच्याकडं एकटक बघायची. यालाही पाय नाहीत. पण याला न्यायला सगळे मानकरी धावत येतात, ढोल वाजवत येतात, आणि आधी कुणी उचलायचं यावरून भांडतात.

त्या साली श्रावणात पाऊस चढला. सकाळी कर्नाटक सरकारची जीप आली. कर्ण्यातून कन्नडमधून सांगणं सुरू झालं, की पाणी वाढतंय, गाव सोडा. मानकऱ्यांत थोरला असलेला मायाप्पा जीपच्या आडवा उभा राहिला. मायाप्पानं उभी हयात संकेश्वरच्या बाजारात कन्नडमधून बैलांचे सौदे केले होते, आणि बैलवाल्यांना त्याच भाषेत फसवलंही होतं. पण तत्त्व ते तत्त्व. "मराठीत सांगा," तो म्हणाला, "आमाला समजत न्हाय." जीपवाला म्हणाला, मराठीत सांगायचा हुकूम नाही, आणि हे मात्र त्यानं अस्खलित मराठीत सांगितलं. चाकाला पाणी लागेपर्यंत दोघांनी आपापल्या भाषेची लाज राखली. समजलं होतं सगळ्यांनाच. हा गलका चालू असतानाच घराघरांतून म्हशी बाहेर पडू लागल्या होत्या.

भरमा घरात आला, तिच्यापुढं वाकला. "चल आक्का, बस पाठीवर." तेवढ्यात वरच्या गल्लीत ढोल वाजला. भरमा वाकलेलाच थांबला. मग ताठ झाला. "पालखी हितंच येनार हाय, आक्का. दांडी धरून आनतो आनि लगीच तुला न्हेतो. आलोच बघ."

"जा," कोंडाबाई म्हणाली. तिला राग आला नाही. उलट हिशेब बरोबर निघाल्यासारखं वाटलं, आणि त्याचंच वाईट वाटलं.

तो गेला तशी तिनं शेवंताला हाक मारली. मागच्या पुरापासून शेवंता तिच्या नजरेला नजर देत नव्हती. दोघींचं ठरलेलं होतं. शेवंतानं मुखवट्याच्या पाया पडून तो पिठाच्या डब्यात घातला, वरून पीठ लोटलं, डबा डोक्यावर घेतला आणि पोरांना पुढं घालून माळाची वाट धरली. कोंडाबाईनं पाट्यावरचा वरवंटा देवाच्या लाल वस्त्रात गुंडाळला, मांडीवर घेतला आणि पदराचे दोन वेढे देऊन कमरेशी आवळून बांधला.

पालखी दारात आली तेव्हा पाणी उंबरा ओलांडत होतं.

"कोंडे, देव दे," मायाप्पा म्हणाला.

"मांडीवर हाय. बांधलाय, पान्यात पडाय नगो म्हून."

"मग सोड की."

"गाठ भिजलीया, आप्पा. सुटत न्हाय. तुमीच या आनि सोडा."

मानकरी एकमेकांची तोंडं बघू लागले. परक्यानं काय किंवा सख्ख्या भावानं काय, बाईच्या कमरेची गाठ चारचौघांत सोडायची? भावकू म्हणाला, विळ्यानं कापू. मायाप्पानं त्याला झापलं, देवाच्या वस्त्राला लोखंड लागलं तर गावात पटकी येईल. मग बाईला देवासकट पालखीत घ्यावं, असं कुणीतरी पुटपुटलं. मायाप्पा म्हणाला, "बाईमानूस पालखीत बसल्यालं आजवर झाल्यालं न्हाय."

"मग रिकामी पालखी न्हेवा," कोंडाबाई म्हणाली. "आमी दोघंबी ऱ्हातो हितंच. त्यालाबी पाय न्हाईत, मलाबी न्हाईत."

पाणी मानकऱ्यांच्या पोटऱ्यांना लागलं. शास्त्र सगळ्यांनाच पाठ होतं, पण पोहता दोघांनाच येत होतं. शेवटी मायाप्पानंच निकाल दिला, की देवाला धरून जे येईल ते देवाचंच. भरमानं बहिणीला उचलून पालखीत बसवलं. मग त्यानं पुढची दांडी खांद्यावर घेतली.

अशी कोंडाबाईची पालखी निघाली. पुढं ढोल, वर छत्री. "देव यंदा लई जड झालाय," भावकू कण्हत म्हणाला. "भक्ती कमी पडली असंल," आतून उत्तर आलं. पोटरीएवढ्या पाण्यात उभ्या बायांनी पालखीच्या पायावर तांब्यातून पाणी घातलं, रीत ती रीत. चढावर मारुतीराव भेटले, चार माणसांच्या खांद्यावर तीनचाकी सायकल देऊन निघालेले. पालखीला वाट द्यावी लागते, म्हणून सायकल बाजूला झाली. मारुतीरावांनी सवयीनं हात जोडले, मान वर केली आणि पालखीत कोण बसलंय ते बघून त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले. कोंडाबाईनं त्यांना आशीर्वाद दिला.

शाळेच्या खोलीत पालखी टेकली. बाहेर गाव चांगभलं म्हणत होतं. आत मानकरी, शेवंता आणि कोंडाबाई. मायाप्पानं हात पुढं केले. कोंडाबाईनं गाठीला बोट लावलं, ती लगेच सुटली. लाल वस्त्रातून वरवंटा निघाला.

 शेवंतानं मुकाट्यानं डबा उघडला आणि पिठात हात घालून भैरोबाला बाहेर काढलं. देव पांढराफेक पडला होता. मायाप्पा एकदा देवाकडं बघी, एकदा वरवंट्याकडं. ज्याच्यापुढं सबंध गावाला वाकवलं तो कोण होता, हे बाहेर कळलं तर काय होईल, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं उपरण्यानं वरवंटा झाकला. "ह्या खोलीतलं ह्या खोलीत," तो म्हणाला. इतकी एकी त्या मानकऱ्यांत पूर्वी कधी झाली नव्हती.

सगळे बाहेर गेल्यावर भरमा बहिणीजवळ बसला. खांद्यावर दांडीचा वळ उठला होता.

"मांडीवर वरवंटाच हाय म्हून आधी सांगितलं असतं," कोंडाबाईनं विचारलं, "तर तुमी आला असतासा मला न्ह्यायला?"

भरमा खांद्यावरचा वळ चोळू लागला. व्हय म्हणाला असता, खोटं का होईना, तरी तिला चाललं असतं. पण भरमाला खोटं बोलता येत नव्हतं.

पुढच्या साली मायाप्पानं ठराव करून घेतला, की मुखवटा कायम वरच्या गल्लीतच ठेवायचा, तिथं तो सुरक्षित राहील. भरमानंही त्या बैठकीत तोंड उघडलं. पुढच्या दांडीचा मान त्यानं चुलतभावाला दिला. खांदा दुखतो म्हणाला. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान सोडला म्हणून भावकीनं त्याला नावं ठेवली. त्यानंतर पावसानं जोर धरला की, ढोल वाजायच्या आधी, जीप यायच्या आधी, भरमा बहिणीला पाठीवर घेऊन माळाचा चढ चढायचा. गाव हसायचं. तो मान खाली घालून चालायचा.

कोंडाबाई मात्र दरवेळी लाल फडक्यातला वरवंटा मांडीशी बांधूनच पाठीवर बसे. एकदा अर्ध्या चढावर दम लागून भरमा थांबला.

"आक्का, आता मी आधी येतोय न्हवं? मग ह्यो धोंडा कशाला वागवायलाईस?"

"तू म्हातारा हुशील की रं कवातरी," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मग गावाला बलवायला मला कायतरी पायजे."

भरमानं तिला पाठीवर नीट सावरलं आणि तो चालू लागला.