गोचिडांचं औषध

निरोगी अजगर दिवसभर पाण्यात पडून राहत नाही. पाण्याच्या परातीत वेटोळं घालून तो नुसतं नाकाचं टोक वर ठेवतो, तेव्हा त्याला काहीतरी चावत असतं आणि त्याला ते बुडवून मारायचं असतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोह्यात मी हे सलग पाच दिवस पाहिलं आणि "उन्हाळा आहे, गारव्याला बसलाय" असं सांगून मोकळा झालो. सांगणारा मी होतो, त्यामुळे सगळ्यांनी ते खरं मानलं.

सांगली जिल्ह्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हशींना लस टोचणं, बैलांच्या खुरांत औषध भरणं, अडलेली गाय मोकळी करणं, एवढी माझी विद्या. एका बड्या कतरी माणसाच्या उंटांसाठी आणि शेळ्यांसाठी माणूस हवा होता, म्हणून मी इकडे आलो. पहिल्या दिवशी मला कुणीतरी डॉक्टर म्हटलं, मी दुरुस्ती केली. दुसऱ्या दिवशी केली नाही. महिन्याभरात मीच फोनवर "डॉक्टर बोलतोय" म्हणू लागलो. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, छान वाटायचं.

मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. मी राहायचो फरीज बिन ओमरानला. सकाळी पिकअप काढून आधी मदिनत खलीफातल्या त्याच्या बंगल्यावर हजेरी लावायची, मग शहराबाहेरच्या गोठ्यावर जायचं. बंगल्याच्या मागच्या अंगाला नोकरांच्या चार खोल्या होत्या आणि शेवटच्या खोलीत अजगर. कुणीतरी अरबाबाला भेट म्हणून दिलेला, आठ फुटी, खाटेएवढ्या काचेच्या पेटीत ठेवलेला. चार खोल्यांत एसी फक्त त्या एकाच खोलीला होता.

त्याची देखभाल करणारा माणूस मालवणकडचा. आला होता माळी म्हणून. पण हिंदुस्थानातल्या माणसाला साप कळतात असं अरबाबाच्या डोक्यात पक्कं बसलेलं, तेव्हा पाण्याचा पाइप त्याच्या हातून काढून घेतला आणि अजगर गळ्यात मारला. कोकणात सापाला 'जनावर' म्हणतात, नाव घेत नाहीत.

"आमच्याकडे जनावर दिसला की हात जोडूचे नि वाट सोडूची," तो मला पहिल्याच भेटीत म्हणाला. "हय माका त्येका न्हाणूक लावतत."

तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. निघाला तेव्हा बायकोला सातवा महिना होता. मुलगी झाली, चालायला लागली, बोलायला लागली, आणि हे सगळं त्याला पत्रांतून कळलं. पासपोर्ट अरबाबाच्या कपाटात आणि देश सोडायच्या कागदावर सही अरबाबाची. ती सही मिळाली की तो सुटणार होता.

त्यात मार्चमध्ये अजगराची कात अडकली. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे दुधाळ निळे होतात, अंग विटतं. मग डोळे निवळतात आणि काही दिवसांत पायमोजा उलटा काढावा तशी अख्खी कात उतरते. याची उतरली तुकड्यातुकड्यांनी. शेपटीला कडी राहिली, पाठीवर चिंध्या राहिल्या आणि डाव्या डोळ्यावर जुनी कात चिकटूनच बसली. एसीने खोलीतली हवा पार सुकवून टाकली होती. हे मात्र मी नीट ओळखलं. कोमट पाण्याच्या टबात अर्धा अर्धा तास ठेवला, ओल्या टॉवेलांतून सरपटू दिला, डोळ्यावर ओला कापूस धरून बसलो. नख लावलं नाही; नखाने ओढलं तर डोळाच जातो. चौथ्या दिवशी डोळ्यावरची ती टिकलीएवढी कात आपोआप सुटून कापसावर आली, आणि माळी माझ्याकडे असा बघत राहिला की मी फुगलोच.

पुन्हा हवा सुकू नये म्हणून पेटीत ओली गोणपाटं अंथरायला मीच सांगितलं. त्या ओलाव्याने मे महिन्यात पोटावरचे आडवे खवले तांबूस झाले, मग त्यांच्याखाली पाण्याचे फोड आले, कडा उचलल्या आणि खोलीत कुजका वास पसरला. आजार माझ्याच उपायातून निघाला होता. ते मी कुणाला सांगितलं नाही. गोणपाटं फेकली, कोरडी वर्तमानपत्रं अंथरली, आयोडीनच्या पाण्याने पोट पुसून मलम लावायला लावलं. जखमा सुकायला लागल्या, पण डाग राहिले, आणि ते डाग अरबाबाने पाहिले.

त्याने माळ्याला समोर उभं केलं. आवाज चढवला नाही. आमच्याशी बोलायची त्याची मोडकी हिंदी होती, त्याच हिंदीत हसत म्हणाला, "साँप अच्छा, तुम इंडिया जाओ. साँप खलास, इंडिया भी खलास."

दोन आठवड्यांनी अरबाबाच्या माणसांनी शोभेसाठी खजुराचा एक जुना ओंडका आणून पेटीत टाकला, आणि त्यानंतर अजगर पाण्यात जाऊन बसला. सहाव्या दिवशी मी परात उचलली तर तळाशी काळी रेव. अजगराच्या अंगावरून ओला पांढरा रुमाल फिरवला. रुमालावर मोहरीपेक्षा बारीक काळे ठिपके आले. मी ते उजेडात धरले, तर ठिपके चालत होते. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीच्या घडीत, खवल्याखवल्याच्या मुळाशी तेच. माळ्याने घाबरून स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. तिथेही दोन होते.

"गोचीड," मी म्हणालो. खरं तर ते गोचीड नव्हेत, त्यांचे बारीक भाऊबंद. पण मला हायसं वाटलं, कारण गोचीड ही माझी हातखंडा गोष्ट होती. उंटांच्या गोचिडांचं औषध गोठ्यावर डब्यांनी पडलेलं होतं. बादलीभर पाण्यात झाकणभर टाकलं की पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते घरात आणायची परवानगी नव्हती. मी सीटखाली डबा घालून आणला.

ते काय करतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. गावाकडे एकाने हेच औषध घट्ट कालवून वासराला धुतलं होतं. वासराच्या तोंडाला फेस, अंगावर थरथर, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी अॅट्रोपिनचं इंजेक्शन देऊन ते वाचवलं होतं. तेव्हापासून त्या कुप्या माझ्या पेटीत कायम असायच्या.

त्यामुळे अजगराची मी सगळी काळजी घेतली. त्याला मोरीतल्या टबात हलवायचं. अगदी पातळ औषधात फडकं बुडवून, पिळून, तोंड आणि डोळे टाळून एकदाच पुसायचं. पेटी, ओंडक्याची जागा, भिंतींच्या फटी, सगळीकडे फवारायचं आणि खोली तीन दिवस बंद ठेवायची. अंडी फुटतात म्हणून आठवड्याने पुन्हा एकदा. माळ्याला हे सांगताना मला एसीखाली गुंडाळून ठेवलेली त्याची गादी दिसत होती.

"तू झोपणार कुठे?" मी विचारलं.

"हयच. भायर गरमीन जीव जाता."

"मग खिडकी उघडी ठेव," असं म्हणून मी निघालो. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यात एसी बसवलेला होता.

पुढच्या आठवड्यात डबा अर्धा झालेला दिसला. तो रोज फवारत होता, हातानेच कालवत होता. मी रागावलो, तर म्हणाला, "एकदा मारून जातत काय ते? माका घाई आसा, डाक्टरानूं. चेडू अजून बघूक नाय मी." चेडू म्हणजे त्याची मुलगी. मी हसलो आणि डबा तिथेच ठेवला. डबा उचलून आणायला मला कुणी अडवलेलं नव्हतं.

ठिपके कमी झाले. अजगर पाण्यातून बाहेर आला. मी खुशीत होतो. रोज सकाळी टॉर्च घेऊन त्याच्या डोळ्याची कड तपासायचो, आणि पेटीच्या पलीकडे माळी उकिडवा बसून सारखा थुंकत असायचा. शर्ट घामाने चिंब. "डोळ्यांका अंधुक दिसता," तो एकदा म्हणाला. हात कापत होते. मी टॉर्च अजगराच्या डोळ्यावरून हलवलासुद्धा नाही. "ऊन बाधलंय. लिंबू-मीठ घे," म्हणालो. गावचं ते वासरू डोळ्यांपुढे आलं होतं, आणि ते मी दूर सारलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तो नळापाशी पडलेला सापडला. तोंडाला फेस होता. मी पापणी उचलली. टाचणीचं टोक.

पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेला. तिथल्या डॉक्टरने मला इंग्रजीत विचारलं, याने काय खाल्लं, कशाला हात लावला? मी म्हणालो, माळी आहे, उन्हात काम करतो. बस, एवढंच. विनापरवाना आणलेला डबा, माझं खोटं डॉक्टरपण, पोलीस, परतीचं विमान, हे सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं आणि जीभ आपली आपण वळली.

माळी शुद्धीवर होता. जीभ जड झालेली, तरी त्याने माझी बाही धरली. "डाक्टरानूं, त्या औषदाचा सांगा त्येंका."

"काय म्हणतोय?" डॉक्टरने विचारलं.

"पाणी मागतोय," मी म्हणालो.

त्यांनी त्याला सलाइन लावलं, अंगावर गार फडकी ठेवली. उन्हाने पडलेल्या माणसाला करतात ते सगळं केलं. माळी शांत झाला. आता सांगून झालं आहे, आता हे बघतील, असं त्याला वाटलं असणार. मी बाहेरच्या बाकावर बसलो. अॅट्रोपिनच्या कुप्या खाली पिकअपमध्ये होत्या. दोनदा मी खाली गेलो, पेटी उघडली, कुप्या मोजल्यासारख्या पाहिल्या आणि पेटी बंद करून वर आलो. दुपारची अजान झाली. आतून त्याच्या श्वासाचा घरघर आवाज यायला लागला, तेव्हा मी उठून डॉक्टरला खरं सांगितलं. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तो धावत आत गेला. पोलिसांपर्यंत किंवा अरबाबापर्यंत मात्र गोष्ट गेली नाही.

माळी वाचला. दहा दिवसांनी चालत परत आला, आणि मी मनात म्हटलं, सुटलो. पण तीन आठवड्यांनी त्याच्या चपला पायांतून निसटायला लागल्या. पाऊल उचललंच जाईना. पुढचा भाग लोंबायचा, तो फरपटत चालायचा. या जातीच्या विषाने असं कधी कधी मागाहून होतं, असं दवाखान्यात सांगितलं. किती बरं होईल ते सांगता येत नाही, म्हणाले.

त्याच सुमारास अजगराने पुन्हा कात टाकली. अखंड, डोळ्यांच्या टिकल्यांसकट. खाली नवे खवले तेल लावल्यासारखे चमकत होते. अरबाब बघायला आला, खूश झाला, मग माळ्याच्या पायांकडे त्याची नजर गेली. "यल्ला, इंडिया जाओ," म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी सही झाली. परतीचा व्हिसा नव्हता.

विमानतळावर मीच सोडायला गेलो. त्याचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हातात मुलीसाठी घेतलेल्या बाहुलीचा खोका. तो सगळ्यांना सांगत होता की डॉक्टर होते म्हणून जगलो.

"चूक माझीच," तो मला म्हणाला. "तुमी एकदा सांगल्यात, मी रोज मारलंय. तुमी नेलास म्हणान वाचलंय."

मी त्याची बॅग सरळ केली.

"पाय बरे होतले मां? चेडवाक उचलूक व्हया." आणि मग खिशातून कागद काढून म्हणाला, "त्या औषदाचा नाव इंग्लिशीत लिवन देवा. गावच्या डाक्टराक दाखवतंय, तो काय ता बघीत."

मी कागद बॅगेवर ठेवला. औषधाचं नाव मला पाठ होतं. पण नाव वाचून गावचा डॉक्टर विचारणार, हे तुला कुणी दिलं, आणि हा अभिमानाने माझं नाव सांगणार. मला भीती वाटली. याहून वेगळं काही कारण नव्हतं आणि इतक्या वर्षांत मला सापडलेलंही नाही. मी इंग्रजीत लिहिलं: उन्हाचा झटका, अशक्तपणा, विश्रांती घ्यावी.

त्याने तो कागद दोनदा घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला, वरून हात फिरवून पाहिला आणि म्हणाला, "देव बरा करो तुमचा."