अजराचे बारा इंच

भोरच्या बाजारपेठेत मन्सूरचाचांचं शिलाईचं दुकान होतं, आणि त्यांच्या अजराएवढी हट्टी मुलगी मी उभ्या तालुक्यात पाहिलेली नाही. त्याच दुकानाच्या वरच्या माळ्यावर दोन हजार चार साली मी चार कॉम्प्युटरचा कॅफे टाकला. अजरा तेव्हा बावीस वर्षांची. बाहेरून बी.ए. करायची आणि वडिलांच्या हाताखाली शिवायची. एकदा परीक्षेचा फॉर्म भरायला वर आली, शेजारच्या मशीनवर बंदुकीचा गेम चालला होता तो बघत उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना तासभर खेळायला हजर! वर्षाच्या आत तिच्यापुढं टिकणारं कोणी उरलं नाही. मला तर ती चहाचा घोट घेता घेता मारायची.

तिला पुण्याच्या स्पर्धेला नेण्याची अक्कल माझी. तिथं आमचा जुना गेम नव्हता, त्याच जातीतला नवा होता. माउसच्या वेगाचा आकडा आमच्याकडे तीन असायचा, म्हणून अजरानं तिथंही तीनच टाकला. झालं! हात जरा हलला की पडद्यावरची बंदूक गर्रकन फिरून भिंतीकडे. पहिल्याच सामन्यात दहा-एक असा धुव्वा उडाला. मागून कोणीतरी बोललं, "गावच्या मशीनवरच चालतो हिचा हात."

ते तिला लागलं. परतीच्या एसटीत कापूरहोळला म्हणाली, "धनाजीदादा, म्या खराब खेळले का मशीनच येगळं पडलं, हे मला कळंना झालंय. हरल्याचं काय न्हाई. पण हे मला कळाया पायजे."

पुढच्या स्पर्धेला सहा महिने होते. मी नव्या गेमची सीडी आणली. आकडा तोच ठेवला तरी दोन गेममध्ये माउसचा वेग एक नसतो, एवढं तर आम्ही फटका खाऊन शिकलो होतो. मग दोन्हीकडे हात सारखा चालायचा कसा? मी दोन दिवस अंदाजपंचे आकडे बदलले, वैतागलो आणि नाद सोडला. अजरा खाली गेली आणि अब्बांची टेप घेऊन आली.

जुन्या गेममध्ये ती एका खांबावर नेम धरून उभी राहिली. टेबलावर शिंप्याच्या खडूनं रेघ मारली आणि माउस हळूहळू सरळ उजवीकडे नेला. पडद्यावर सगळं जग एक गिरकी घेऊन परत त्याच खांबावर आलं, तिथं दुसरी रेघ मारली. मधलं अंतर बारा इंच. मग नव्या गेममध्येही बारा इंचांत बरोबर एक गिरकी पुरी होईपर्यंत ती आकडा कमी करत गेली. तीनवरून सव्वापर्यंत आली तेव्हा कुठं खांब जागेवर बसला. नंतर रोज दुपारी आधी एक गिरकी मोजायची, मगच खेळायचं. एवढी शिस्त मी माझ्या धंद्यात दाखवली असती तर आणखी चार मशीन घेतली असती.

पुण्याचे माउस वेगळे, म्हणून तिथं पोचल्यावर पुन्हा मोजावं लागणारच होतं. पण स्पर्धेच्या दिवशी चाचांकडे लग्नाच्या कपड्यांची मापं होती. त्यांची टेप मागायला अजराला जड गेलं. मी म्हटलं, "ती मळकी चिंधी कशाला? इंच म्हंजे इंच!" नसरापूरला एसटी थांबली तेव्हा खाली उतरून मी तिला नवी कोरी टेप घेऊन दिली.

पुण्यात तिची गाठ एका चष्मेवाल्या कॉलेजकुमाराशी पडली. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. अजरानं नव्या टेपनं बारा इंच मोजून आकडा लावला, आणि पहिला डाव दहा-सहा असा हरली. मी संयोजकांवर तोंड सोडलं, "मशीनं भंगार हायती तुमची!"

"दादा, आरडू नका," अजरा म्हणाली. "नेम जरासा फुडं जातोय. दर बारीला तेवढाच."

तिनं नवी टेप उचलली आणि अंगातल्या कमीजच्या बाहीला लावली. बाही तिनंच शिवलेली, अब्बांच्या टेपनं बारा इंच मोजून. नवी टेप साडेबारा दाखवत होती. वीस वर्षं ओढून ओढून चाचांची टेप ताणली गेली होती.

"अब्बा सांगत्यात, ज्या टेपनं माप घेतलं त्याच टेपनं कापायचं," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "म्या कशी इसरले!" माझी तर मान वर होईना.

तिनं साडेबारा इंच धरून आकडा पुन्हा लावला. दुसरा डाव दहा-सात, आमचा! तिसऱ्यात आठ-आठ झाले तेव्हा मी बघायचंच सोडलं आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. दहा-आठ. गेला.

मला खरंच रडू आलं. म्हटलं, "माझ्या टेपनं घात केला गं."

"पयल्या डावात केला," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. "ह्या डावात न्हाई. नेम जिथं धरला तिथंच लागत हुता. त्यो चांगला खेळला, म्या कमी पडले. आता कळलं."

आणि ती सरळ त्या चष्मेवाल्याकडे गेली. "म्या दारातनं येणार, हे तुमाला आदीच कसं कळत हुतं? दाखवा की."

त्यानं उठून स्वतःची खुर्ची तिला दिली. भोरची पाचची एसटी निघून गेली. मी तिला सांगितलं नाही.