गोळीने बाबांना बरे वाटले तेव्हा

अमरावतीच्या डॉक्टरांनी बाबांचा एमआरआय उजेडासमोर धरला. "मेंदूतला लिम्फोमा वाटतो. खात्री बायोप्सीनंतरच." लिम्फोमा म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचाच कर्करोग. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे, इथे कवटीला बारीक छिद्र पाडून. मी घरातली पहिली पदवीधर, पण हे दोन्ही शब्द मला त्या दिवशीच समजले.

बाबा अकोटला शिलाई करतात. एकदा त्यांनी शर्टाच्या दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडल्या. आम्ही हसलो. मग ते आईला ओळखेनात. तिथल्या दवाखान्यात मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, आणि बाबा उठून चहा मागू लागले. आम्हाला वाटले, सुटलो.

अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कमी करत बंद करा. या गोळ्यांनी लिम्फोमा काही काळ विरघळतो, मग तुकड्यात सापडत नाही."

गोळ्या कमी झाल्या तसे बाबा पुन्हा हरवले. आईलाच विचारू लागले, "बाई, तुमी कोणाकडे आल्या?"

पुढे ते थोडे सावरले. बायोप्सी झाली, पण रिपोर्टमधून काहीच ठरेना. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या बंद होत्या ना?"

आई खाली बघत म्हणाली, "मी देत होती, साहेब. वरणात कुस्करून. गोळी गेली की हे मले वयखत होते."

मला संताप आला. डॉक्टर मात्र शांतपणे म्हणाले, "मावशी, आजार गेला नव्हता. लपला होता."

त्यानंतर आईने स्वतःच गोळ्या माझ्या हाती दिल्या. बाबा तिला 'बाई' म्हणत राहिले, ती त्यांना घास भरवत राहिली. दुसऱ्या बायोप्सीत लिम्फोमा सापडला. हा आजार मेंदूत पसरलेला असतो, कापून निघत नाही. म्हणून मेथोट्रेक्सेट हे औषध मोठ्या मात्रेत शिरेतून देतात. सोबत भरपूर सलाईन आणि शरीर सांभाळणारे उताऱ्याचे औषध. प्रत्येक वेळी भरती व्हायचे, रक्त तपासायचे, वाट बघायची.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर पेशंटला काय काय दिले ते डॉक्टरांपासून लपवू नका. मायेने दिले असले तरी सांगा. न रागावता ऐकून घेणारे डॉक्टर आम्हाला भेटले, त्यांचे उपकार आहेत.

औषध लागू पडते आहे, तरी आजार परत येऊ शकतो, तपासण्या चालूच आहेत. पण परवा वॉर्डात बाबा एकदम म्हणाले, "सुमन, कावून रडून राहिली? मी काय मेलो काय?"

आई डोळे पुसत म्हणाली, "रडू द्या जी. इतक्या दिसानं नाव घेतलं तुमी."