उसना बेडूक

तो बेळगावकडचा होता, एवढंच माहीत. नाव मी विचारलं नाही. गोव्यातल्या आमच्या कोरगावात बंगले झाले, बंगल्यांत पोहायच्या टाक्या आल्या, आणि त्या साफ करायचा धंदा त्यानं नव्यानंच काढला होता. सायकलला लांब दांड्याची जाळी बांधून रोज सकाळी माझ्या दारात यायचा.

"अज्जा, बेडूक हाय काय?"

माझ्या विहिरीत डोळ्याजवळ चट्टा असलेला एक बेडूक आहे, माझ्या बायकोचा लाडका. तो बादलीत घालून हा बंगल्यांच्या फाटकांवर उभा राहायचा. "शेजारच्या टाकीतनं काढला, साहेब. तुमची बघू काय?" संध्याकाळी बेडूक परत विहिरीत.

"कागद छापून वाट की रे," मी म्हटलं.

"कागद लोक टाकून देत्यात, अज्जा. बेडूक बघितला की झोप उडतीय."

मग चहा बशीत ओतून फुंकत बसायचा. बायको वारल्यापासून दारात हाक मारणारा तोच एक.

पुढे त्याला बंगले मिळाले. बेडूक लागेना, तसा तोही येईना. घर गप्प झालं.

मी काय करणार? परवा संध्याकाळी बेडूक पिशवीत घालून फिरायला निघालो आणि त्याच्याच एका गिऱ्हाइकाच्या फाटकातून आत सोडला.

सकाळी स्वारी बादली घेऊन हजर. "अज्जा, ह्यो तिथं कसा गेला?"

"माका काय म्हायत? चाय घेतंस?"

तो बसला, बशी फुंकली आणि म्हणाला, "रोज नका सोडू. शुक्रवारी सोडा, मला सवड असतीय."